कुणाचं करडू कुणाचं

बानूबाईच्या शेळ्यांच्या गळ्यात चिंध्या दिसल्या, तेव्हा सिद्धनाथ पहिल्यांदा घाबरला. त्याआधी जे जे झालं होतं, त्या प्रत्येकाला काही ना काही कारण होतं.

बानूबाई ही सिद्धनाथची थोरली बहीण. वय पंचाहत्तरच्या आसपास. नक्की आकडा तिलाही माहीत नव्हता आणि तिच्या आधार कार्डालाही. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मुठा गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी चार घरांची वस्ती आहे. त्यातल्या शेवटच्या घरात ती एकटी राहायची. एकटी म्हणजे माणसांपुरती एकटी. बाकी अकरा शेळ्या, एक बोकड आणि दिवाळीच्या सुमाराला झालेली चौदा करडं एवढा संसार होता. सिद्धनाथ नेऱ्यात राहायचा आणि महाळुंग्याच्या एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन होता. बुधवारी त्याला सुट्टी असायची. मग एक बुधवार सोडून दुसऱ्या बुधवारी तो मोटरसायकल काढायचा आणि उरवड्यावरून घाट चढून बहिणीकडे जायचा.

तर कारणं. सिद्धनाथच्या मुलीने, सोनियाने, आत्याला मोठ्या बटणांचा फोन घेऊन दिला होता. एक नंबरचं बटण दाबलं की सिद्धनाथला लागायचा. पावसाळ्यात तो फोन लागेनासा झाला आणि पुढे नाचणीच्या पिठाच्या डब्यात सापडला. सिद्धनाथची बायको उषा म्हणाली, वस्तीवर उंदरांचा सुळसुळाट आहे, वन्संनी जपून ठेवला असेल. ते पटण्यासारखं होतं.

मग एकदा बानूबाई सकाळच्या चहात पावडर टाकायची विसरली. गरम साखरेचं दूध पाहुण्यांपुढे ठेवलं आणि स्वतःही फुंकर मारून प्यायली. पाहुणे दुधाचा मान मिळाला म्हणून खूश झाले.

भाद्रपदात तर ती शेळ्यांसकट एका फार्महाउसच्या आत सापडली. पोहण्याच्या तलावाच्या काठाला ती पाय पसरून बसली होती आणि शेळ्या तिथल्या मालकाची फुलझाडं खात होत्या. तिथल्या राखणदाराने तिला बाहेर काढलं, तर ती त्यालाच म्हणाली, की माझी वाट हितनंच जाती, तूच मधी आलायस. राखणदाराने सिद्धनाथला फोन केला. सिद्धनाथ म्हणाला, तिचं बरोबर आहे. आणि खरंच बरोबर होतं. पंधरा वर्षांपूर्वी, ती भिंत उठायच्या आधी, वस्तीची वाट तिथूनच जायची. आता बहीण विसरत होती म्हणायचं, की तिला जरा जास्तच आठवत होतं म्हणायचं, याचा निकाल सिद्धनाथला लावता आला नाही. म्हणून त्याने तो लावला नाही.

नावांचंही तसंच. अलीकडे ती सगळ्या पुरुषांना ‘बाबा’ म्हणायची आणि सगळ्या बायकांना ‘बया’. सोनियाला ‘पोरी’. म्हाताऱ्या बायका असं बोलतातच. आणि तिच्या तोंडाला कुठे गंज चढला होता? सिद्धनाथ एकदा सहज म्हणाला, आक्का, आज वार कोणता? तर तिने त्याच्याकडे वरून खाली पाहिलं.

“तू आलायस म्हंजी बुधवार आसंल. का कामावनं काढलं तुला?”

असं उत्तर देणाऱ्या बाईची बुद्धी शाबूत आहे, यात सिद्धनाथला शंका वाटली नाही. तिने वार सांगितला नव्हता, ताडला होता, हे त्याच्या लक्षात यायला चार महिने गेले.

आता चिंध्यांचं सांगायचं, तर आधी या घरातली एक रीत सांगायला हवी.

यांचा बाप मेंढक्या होता. शंभरावर मेंढरं. मेंढरं रानात गेली की कोकरं मागे राहतात. ती दिवसभर डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली झाकून ठेवतात. दिवस बुडताना मेंढरं परत येतात, तेव्हा एकच कालवा होतो. आया ओरडतात, कोकरं ओरडतात. अशा वेळी ज्याचं त्याला मिळालं पाहिजे. बरीचशी कोकरं आपण होऊन आईला शोधतात, पण पहिलटकरीण मेंढी पोराला लाथ मारते, एखादं अशक्त कोकरू मागे राहतं, एखादं आगाऊ दुसरीच्या सडाला लागतं. तेव्हा माणसाने कोकरू उचलून बरोबर त्याच्या आईच्या तोंडाशी न्यायचं असतं. बाप पोरांची परीक्षा घ्यायचा. डालग्याखालून एक कोकरू काढायचा, पोराच्या हातात द्यायचा आणि एकच शब्द विचारायचा: “कुणाचं?”

बानू सहा वर्षांची असल्यापासून चुकली नाही. डोळे मिटून, कोकराच्या कानाला हात लावून सांगायची. सिद्धनाथ नऊ वर्षांचा झाला तरी त्याला सगळी कोकरं सारखीच दिसायची. एकदा त्याने सलग पाच चुकवली. बापाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला शाळेत घातलं. सिद्धनाथ सातवीपर्यंत शिकला तो या कारणाने. पुढे बापाची मेंढरं गेली, बानूबाईने सासरी शेळ्या धरल्या. पण ती रीत आणि ते टोपलं तसंच राहिलं.

असं असताना त्या बुधवारी बघतो तर काय, गोठ्यातल्या प्रत्येक शेळीच्या गळ्यात चिंधी. एकीच्या लाल, एकीच्या हिरवी, एकीच्या पिवळ्या फुलाफुलांची. एका चिंधीवर तर सोनियाच्या जुन्या शाळेच्या ओढणीची किनार होती. करडांच्या गळ्यातही चिंध्या होत्याच.

“हे काय आक्का?”

“दिष्ट लागती,” बानूबाई म्हणाली आणि शेण भरायला लागली.

दृष्टीला काळा दोरा बांधतात. पण बहिणीपाशी काळं कापड नसेल, असं सिद्धनाथने स्वतःला समजावलं. चहा प्यायला. या वेळी पावडर होती, साखर नव्हती. निरोप घेऊन तो निघाला आणि घाटाच्या मधोमध त्याने गाडी बाजूला घेऊन उभी केली. लाल चिंधीवाल्या शेळीपाशी जी दोन करडं होती, त्यांच्या गळ्यात लाल. हिरवीचं करडू हिरवं. फुलाफुलांचीचं फुलाफुलांचं. बाजारातून पहिल्यांदा शेळी आणणारा नवखा माणूसही असं करत नाही. शहरातल्या माणसांनी बॅगांना रिबिनी बांधाव्यात, तशी आक्काने करडं बांधली होती.

तो गाडीला टेकून थोडा वेळ उभा राहिला. दोन टेम्पो गेले. मग त्याला थंडी वाजायला लागली म्हणून तो घरी गेला.

घरी त्याने आठ दिवस कुणाला काही सांगितलं नाही. नवव्या दिवशी उषाने विचारलं, की जेवणात मीठ नाही हे तुमच्या लक्षात कसं येत नाही, तेव्हा त्याने सांगितलं. आणि मग गंमत झाली. उषा म्हणाली, मला दिवाळीतच शंका आली होती. वन्संनी एका जेवणात मला तीनदा विचारलं, सोनियाला कितवा महिना? सोनियाचं अजून लग्नही झालेलं नव्हतं. उषाने ते नवऱ्याच्या बहिणीचं म्हणून पोटात ठेवलं होतं. सोनिया म्हणाली, मलाही वाटलंच होतं. आत्या मला भलत्याच नावाने हाक मारून परत ‘पोरी’ म्हणाली होती. तिने ते बाबांना वाईट वाटेल म्हणून पोटात ठेवलं होतं. तिघांच्या पोटात मिळून बराच ऐवज निघाला.

सोनिया हिंजवडीत एका कंपनीच्या रिसेप्शनला होती. तिने मोबाइलवर विस्मरणाच्या आजाराची लक्षणं शोधली. दहा प्रश्न होते. जेवणाची ताटं बाजूला सारून तिने ते एकेक करून वाचले. वाचलेलं लक्षात राहतं का? बानूबाई कधी शाळेत गेली नव्हती. मालिकेची गोष्ट समजते का? तिच्याकडे टीव्ही नव्हता. गाडी चालवताना रस्ता चुकतात का? घड्याळ कळतं का? बँकेची कामं? सोनियाने शेवटी हिशोब सांगितला, की सहा प्रश्न लागूच होत नाहीत, दोनांचं उत्तर ‘पूर्वीपासूनच’ आहे आणि दोनांचं ‘हो’.

“म्हंजी पास का नापास?” सिद्धनाथने विचारलं.

“बाबा, ही परीक्षा नाहीये. डॉक्टरांना दाखवा म्हणतंय.”

उषाचा हिशोब सरळ होता. वन्संना इकडे आणायचं. स्वयंपाकघराशेजारची खोली द्यायची. शेळ्या विकायच्या. बाई चुलीपाशी एकटी, उद्या काही झालं तर चार माणसं आपल्या तोंडात शेण घालतील. उषा वाईट मनाची नव्हती. नणंदेचं करायची तिची तयारी होती. तिने पौडच्या हैबतरावांना फोनही लावला. हैबतराव शेळ्या-बोकडांचे व्यापारी. ते म्हणाले, शुक्रवारी टेम्पो घेऊन येतो.

बानूबाईला इकडे येण्याबद्दल पूर्वी एकदा विचारून झालं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, “यीन की. शेळ्या कुटं बांधू, लिफ्टमधी?”

शुक्रवारच्या आधी एक बुधवार येत होता. सिद्धनाथने ठरवलं, की एकदा खात्री करायची. उगाच संशयावर एका बाईचा संसार टेम्पोत चढवायचा नाही. आणि मोबाइलवरच्या दहा प्रश्नांनी जे कळत नव्हतं, ते एका प्रश्नाने कळलं असतं. तो प्रश्न त्याला लहानपणापासून पाठ होता.

तो दुपार कलल्यावर वस्तीवर पोचला. बानूबाई शेळ्या घेऊन रानात गेली होती. करडं डालग्याखाली होती. सिद्धनाथने डालगं उचललं आणि एकेक करडू धरून त्याच्या गळ्यातली चिंधी सोडायला सुरुवात केली. गाठी मारताना आक्काने तीन-तीन वेढे दिले होते. काही गाठी दातांनी सोडाव्या लागल्या. शेवटी चौदा चिंध्या त्याच्या विजारीच्या खिशात गेल्या आणि करडं मोकळ्या गळ्याने परत डालग्याखाली गेली.

शेजारच्या घरातला बहिरू कुंपणावर हात टेकून हे सगळं बघत होता. बहिरूही आता सत्तरीचा. त्याने विचारलं, करडं न्यायची तर गळ्यातलं कशाला सोडतोस? सिद्धनाथने त्याला खरं काय ते सांगितलं, तर बहिरूला मुळीच नवल वाटलं नाही. तो म्हणाला, माझी बायको रत्ना दोनदा येऊन तुझ्या बहिणीची चूल विझवून गेली आहे. एकदा भाकरीचा कोळसा झाला होता आणि बानूबाई बाहेर बसून भाकरीची वाट बघत होती.

“मला सांगायचं न्हाई व्हय?”

“आमाला वाटलं तुला म्हाईत हाय. तू तर पंधरा दिवसाला येतोय.”

बहिरू पुढे म्हणाला, की एक गोष्ट मात्र बघण्यासारखी आहे, जरा थांब, आता येतील. दोघे कुंपणापाशी उभे राहिले.

ऊन उतरलं आणि समोरच्या टेपाडावर शेळ्या दिसल्या. पुढे एक तांबडी, शिंग मोडलेली. तिच्यामागे बाकीच्या. सगळ्यात शेवटी बानूबाई, काठी खांद्यावर आडवी. वाट जिथे फुटते तिथे ती उभी राहिली. एक फाटा खाली गावाकडे जातो, एक फार्महाउसच्या भिंतीकडे, एक वस्तीकडे. ती तिन्हींकडे बघत राहिली. तेवढ्यात तांबडी ओरडली आणि वस्तीच्या फाट्याला लागली. बानूबाई तिच्यामागे चालायला लागली.

“रोज असंच,” बहिरू म्हणाला. “ही शेळ्या आणत न्हाई. शेळ्या हिला आणत्यात.” आणि तो आपल्या घरात निघून गेला.

शेळ्या दारात आल्या आणि कालवा सुरू झाला. डालग्याखाली करडं उड्या मारायला लागली. बानूबाईने काठी कुडाला टेकवली, डालगं उचललं आणि तिचा हात तसाच राहिला. तिने मोकळे गळे पाहिले. मग भावाकडे पाहिलं.

सिद्धनाथने ठरवलं होतं तसं केलं. एक काळं-पांढरं करडू उचललं, बहिणीच्या हातात दिलं.

“आक्का, कुणाचं?”

त्याचा आवाज त्याला बापासारखा काढायचा होता, पण तो वॉचमनसारखा निघाला. आलेल्या माणसाला कोणत्या फ्लॅटमध्ये जायचंय असं विचारावं तसा.

बानूबाईने करडाचे कान पाहिले. उलटं करून पाय पाहिले. त्याला नाकापाशी नेऊन हुंगलं. ते ओरडलं, तर कान दिला. अकरा शेळ्यांवरून नजर फिरवली आणि परत पहिल्या शेळीवर आणली. करडू तिच्या हातात पाय झाडत होतं.

“तू सांग,” ती म्हणाली.

सिद्धनाथ करडावर वाकला. त्याला ते बाकीच्यांसारखंच दिसलं.

“चिंधी कोंची व्हती हेच्या गळ्यात?”

सिद्धनाथने खिशातून चिंध्या काढल्या. लाल, हिरव्या, पिवळ्या, सगळ्यांचा एक गोळा झाला होता. कोणती कोणाची हे सोडताना त्याने बघितलं नव्हतं. ते बघायला हवं होतं, हे त्याला आत्ता कळलं.

“तुला म्हाईत हाय का?”

“न्हाई.”

“मग इचारतो कशापायी?”

कालवा वाढला होता. बानूबाई करडू घेऊन तशीच जोत्यावर बसली. एवढा वेळ तिचा चेहरा भांडणाऱ्या माणसाचा होता. तो आता राहिला नाही.

“मला बी न्हाई, सिद्धा,” ती म्हणाली.

सिद्धनाथ खाली तिच्या पायापाशी बसला. परीक्षा संपली होती आणि दोघंही नापास झाली होती. मग बानूबाईच म्हणाली, की बसून काय होणार, पोरं भुकेली आहेत. तिने डालगं पूर्ण उचललं आणि करडं मोकळी सोडली.

पुढचा तासभर दोघं काम करत होती. करडू ज्या शेळीला लागलं आणि जिने त्याला हुंगून लागू दिलं, ती त्याची आई. शेळीच्या गळ्यात चिंधी होतीच. तिच्या रंगाची चिंधी गोळ्यातून शोधायची आणि करडाला बांधायची. बानूबाई धरायची, सिद्धनाथ बांधायचा. बहुतेक जोड्या आपसूक लागल्या. एका पहिलटकरणीने आपल्या पोराला दोनदा शिंगाने उडवलं. तेव्हा बानूबाईने तिची मान काखेत धरली, पोराला सडाला लावलं आणि ते प्यायला लागेपर्यंत तोंडाने एक बारीक आवाज काढत राहिली. तो आवाज तिला कुणी विचारला नव्हता, म्हणून तो बरोबर आला. एक तपकिरी करडू मात्र दोन शेळ्यांना प्यायलं आणि दोघींनीही त्याला काही म्हटलं नाही. त्याला दोन्ही रंगांच्या चिंध्या बांधल्या, कमी पडली ती शेळीच्याच चिंधीतून फाडून.

काम करता करता ती सांगत होती. तोंड दुसरीकडे असलं की तिला बोलता येत होतं. दसऱ्याच्या आसपास एक शेळी अवेळी व्याली होती. ते करडू तिने दुसऱ्याच शेळीजवळ कोंडलं, बरोबर आहे असं समजून. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ते उठलं नाही. आई कुडाच्या पलीकडे ओरडत होती, आणि बानूबाईला वाटत होतं, ही शेळी काय म्हणून ओरडते. आपल्या हातून असं आयुष्यात झालं नव्हतं. त्या दिवशी तिने पुढचा सगळा विचार केला आणि नवऱ्याचा जुना पटका फाडला. लाल चिंध्या त्याच्या होत्या. दिवाळीत बाकीच्या शेळ्या व्यायल्या तशा बाकीच्या चिंध्या निघाल्या. कोणी विचारलं तर काय सांगायचं, तेही तिने तेव्हाच ठरवून ठेवलं होतं.

“मला म्हणायचं की आक्का.”

“म्हणलं आस्तं तर तू शेळ्या इकल्या आस्त्या.”

सिद्धनाथने शेवटची गाठ जरा जास्तच घट्ट मारली. मग सोडून परत सैल केली.

“शेळ्या इकू नगं,” ती म्हणाली. “मला घर घावायचं न्हाई.”

हे तिने रडून सांगितलं नाही. दाराची कडी बिघडली आहे हे सांगावं तसं सांगितलं. सिद्धनाथने मघाशी टेपाडावर ते डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे त्याला समजावून घ्यायला काही उरलं नव्हतं. तो म्हणाला, मी शेळ्या ठेवतो, तू डॉक्टरकडे चल. तिने विचारलं, डॉक्टर काय करतील. तो म्हणाला, मला माहीत नाही, पण आपल्यापेक्षा त्यांनी अशी माणसं जास्त पाहिलीत. ती म्हणाली, बरं. मग त्याने अंगणातूनच हैबतरावांना फोन केला, की शुक्रवारी टेम्पो आणू नका. हैबतराव चिडले. सिद्धनाथ त्यांचं सगळं ऐकून घेऊन पुन्हा म्हणाला, आणू नका.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी बानूबाईला विचारलं, आज तारीख काय? बानूबाई म्हणाली, तुमच्या भिंतीवर लिहिलंय की. त्यांनी घड्याळ काढायला कागद दिला, तर तिने कागद उलटसुलट करून परत केला. तेव्हा सिद्धनाथने मध्ये तोंड घातलं. बाई, हिला हे कधीच येत नव्हतं, म्हणाला. आधी येत होतं आणि आता येत नाही, ते वेगळंच आहे. आणि त्याने चिंध्यांचं सांगितलं, मेलेल्या करडाचं सांगितलं, चुलीचं आणि वाटेचं सांगितलं. सांगताना तो बहिणीकडे बघत नव्हता. डॉक्टर बाईंनी लिहायचं थांबवून सगळं ऐकलं, मग पुन्हा पहिल्यापासून लिहून घेतलं. म्हणाल्या, हेच हवं होतं. घरच्यांनी सांगितल्याशिवाय आम्हाला हे कळत नाही.

मग त्यांनी दोघांना समजावलं. हा विस्मरणाचा आजार असू शकतो. पण नुसतं बघून तसं म्हणायचं नाही. रक्तात काही कमी असलं, गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी नीट काम करत नसली, कान गेले असले, मन खचलं असलं, तरी माणूस असं वागतं. त्यामुळे आधी तपासण्या, मग पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे. तोवर चूल एकटीने नको. आणि रोजचं काम एकदम काढून घेऊ नका, पण जवळ कुणीतरी असलं पाहिजे. बानूबाईने हे लक्ष देऊन ऐकलं. शेवटी म्हणाली, “बया, तुझी कुटली?” डॉक्टर बाईंनी आपलं गाव सांगितलं. पाच मिनिटांनी तिने परत विचारलं आणि त्यांनी परत सांगितलं, आधीसारखंच.

तपासण्यांत रक्तात थोडं कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी बानूबाईला तरतरी आली. पुण्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढून बाकीचंही सांगितलं. जे वाटलं होतं तेच होतं. सुरुवात होती, पण होतं.

जवळ कुणीतरी असण्याचा प्रश्न सुटायला महिना लागला. रत्नाबाईने भाकरी-कालवणाचं अंगावर घेतलं. आणि ज्या फार्महाउसमध्ये शेळ्यांनी फुलझाडं खाल्ली होती, तिथला राखणदार गावी निघून गेला. सिद्धनाथने मालकांना फोन केला. मालकांनी विचारलं, अनुभव? सिद्धनाथ म्हणाला, फाटकावर वीस वर्षं. मालकांनी विचारलं, काही अट? सिद्धनाथ म्हणाला, एकच आहे. संध्याकाळी मागचं आणि पुढचं दोन्ही फाटकं पंधरा मिनिटं उघडी राहतील. मालकांनी कारण विचारलं. त्याने सांगितलं, इथून एक वाट जाते.

उषा चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने त्याची पिशवी भरली. सकाळ-रात्र त्याने बहिणीच्या घरी राहायचं आणि रविवारी उषा आणि सोनियाने तिकडे यायचं, असं ठरलं. पुढे आणखी बदलावं लागेल, हे सगळ्यांना माहीत होतं. या वेळी ते कुणी पोटात ठेवलं नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी बानूबाईने भावाला हात पुढे करायला सांगितलं. चंचीतून लाल पटक्याची एक पट्टी काढली आणि त्याच्या मनगटाला बांधली, तीन वेढे देऊन. तिच्या स्वतःच्या मनगटाला तशीच दुसरी आधीच होती. सिद्धनाथने विचारलं, हे काय.

“तोंड इसरलं तर हात बघीन,” ती म्हणाली आणि शेळ्या सोडायला गेली.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर त्याने मागचं फाटक उघडलं आणि तांबडीला हाळी दिली. तांबडी आधी आली, तिच्यामागे बाकीच्या. झाडांना त्याने दुपारीच तारेची जाळी लावून घेतली होती. तलावाच्या कडेने, जुन्या वाटेने शेळ्या ओळीने चालत आल्या. शेवटी बानूबाई आली, काठी खांद्यावर आडवी. खाकी कपड्यातल्या माणसासमोर ती थांबली. त्याला वरून खाली पाहिलं.

“कुणाचा रं तू?”

सिद्धनाथने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ती थट्टा करत होती की खरंच विचारत होती, हे त्याला ओळखता आलं नाही. या परीक्षेत तो नऊ वर्षांचा असल्यापासून नापासच होता. त्याने बाही वर केली आणि मनगट पुढे धरलं.

तिने आपलं मनगट त्याशेजारी लावलं. दोन्हीकडे नजर टाकली.

“मग उबा का? चल,” ती म्हणाली.

शेळ्या पुढे गेल्या होत्या. त्याने फाटक लावलं आणि तिच्यामागे चालायला लागला.